लूम बंद ठेवले तो दिवस

समजा, तुम्हाला एक गोष्ट सिद्ध करून दाखवायची आहे. परीक्षा चालू असताना तुम्ही डावीकडे बघितलं, हे खरं. एकदा नाही, परत परत बघितलं, हेही खरं. त्याचं रेकॉर्डिंग समोर बसलेल्या माणसांकडे आहे. आता तुम्ही दाखवून द्या की डावीकडे पुस्तक नव्हतं, फोन नव्हता, उत्तरं पुरवणारं कुणी नव्हतं. जे नव्हतंच त्याचा फोटो कसा काढाल? साक्षीला कुणाला उभं कराल?

बसा थोडा वेळ विचार करत. गुलामभाई तर अजून बसलेत.

गुलाम हुसेन, म्हणजे आख्ख्या गल्लीचे गुलामभाई. भिवंडीच्या जुन्या वस्तीत त्यांची पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये कापड विणायचे सहा लूम. मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. शेडच्या निम्म्या भागावर फळ्यांचा माळा, आणि माळ्यावर जायला लोखंडी शिडी. ही शेड त्यांच्या बापाची, त्याआधी आजाची. वयाच्या दहाव्या वर्षापासून ते त्या खटाखटीत उभे आहेत. अशा माणसाचे कान हळूहळू जातात, आणि ते गेलेत हे सगळ्यात शेवटी त्यालाच कळतं.

त्यांच्या बाबतीत तर फारच उशिरा कळलं. कारण लूमवाले कानांनी बोलतच नाहीत. शेडमध्ये कितीही ओरडा, समोरच्याला ऐकू जात नाही. म्हणून शब्द नुसता ओठांवर घडवायचा, आवाज काढायचाच नाही. समोरचा वाचून घेतो. या बोलण्यात गुलामभाई एकदम पटाईत. सहा लूमपलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी ते हवापाण्याच्या गप्पा मारत. त्यामुळे शेडमध्ये कुणाला शंकासुद्धा आली नाही. कळलं ते घरात. त्यांची बायको जोहरा एकदा भाकऱ्या थापता थापता, पाठ करून, त्यांना मनसोक्त बोल लावत होती. गुलामभाई शांतपणे चहा पीत होते. शेवटी ते तिच्या समोर जाऊन उभे राहिले आणि काळजीनं म्हणाले, "आज गप्प का तू? बरं नाय काय?"

कारीगर रामूनं ही गोष्ट गल्लीभर केली. "सेठला शिव्या द्यायच्या असतील ना, तर पाठीमागून द्या," तो सगळ्यांना सांगायचा. "सामने से दोगे तो पढ लेंगे."

गुलामभाईसुद्धा हसले. पण धंद्यात यातली अडचण निराळी होती. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. सहा लूम एका तालात वाजत असले आणि त्यातला एक गप्प झाला, तर कान असलेल्या माणसाला ते लगेच समजतं. गुलामभाईंना समजेना. चौथा लूम बंद पडलेला असायचा आणि ते पहिल्याजवळ आरामात तेल घालत असायचे.

त्यावर इलाज काढला त्यांच्या मुलीनं, मदीहानं. ती तेव्हा आठवीत होती. माळ्यावर तिचं टेबल. ती तिथेच अभ्यास करायची, त्या आवाजात, लहानपणापासून. टेबलाच्या डाव्या हाताला, शिडीसाठी फळ्यांत ठेवलेलं चौकोनी भोक होतं. मदीहानं माळ्यावर एक बटण बसवलं, तिथून वायर खाली नेली आणि अब्बांच्या डोक्यावरच्या तुळईला लाल दिवा टांगला. लूम थांबला की तिचा डावा हात बटणाकडे जायचा. खाली दिवा लागायचा. अब्बा वर बघायचे, मदीहा भोकातून वाकून बोटांनी दाखवायची, चार नंबर. अब्बा उठले, लूमकडे गेले, की तिची मान परत पुस्तकात.

पुढे पुढे तर तिला स्वतःलाही कळेनासं झालं. गणित चालू असायचं आणि हात आपला आपण जाऊन यायचा. जोहरा म्हणायची, "हिच्या अब्बांचे कान माळ्यावर ठेवलेत, आणि त्यांना वेणी घातलीय."

मदीहा अशी खाली लक्ष ठेवायची त्याला आणखी एक कारण होतं. ती सहा वर्षांची असताना एका लूमचं शटल उडालं. आडवा धागा घेऊन धावणारं, टोकाला लोखंड असलेलं ते लाकूड गोळीसारखं सुटतं. ते गुलामभाईंच्या कानाच्या वर लागलं आणि ते जागच्या जागी कोसळले. रामूनं धावत जाऊन लूमचा मेन स्विच खेचला. सगळी शेड एका क्षणात गप्प झाली. माळ्यावर खेळणाऱ्या पोरीनं, हे काय झालं म्हणून, भोकातून खाली बघितलं. बंद लूम, आणि मधल्या वाटेत पालथे पडलेले अब्बा.

गुलामभाई वाचले. कानाच्या वर एक पांढरी रेघ राहिली. ते ती गोष्ट गंमत म्हणून सांगतात. "डोकं माझं कडक. शटलच तुटलं." पोरीनं वरून काय बघितलं होतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. लहान होती, विसरली असेल.

तर अशी ही मदीहा बारावीनंतर एका लांबच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला बसली. कॉम्प्युटरची पदवी, घरी बसून शिकायची, परीक्षाही घरूनच द्यायची. सगळे पेपर ती चांगल्या मार्कांनी पास होत गेली, कारण ते तिनं लूम चालू असतानाच दिले होते. शेवटच्या सत्राआधी ठाण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली. अट एकच, जुलैत मार्कशीट आणून दाखवा. घराण्यात याआधी कुणी कॉलेजचं दार बघितलं नव्हतं. गुलामभाई त्या आनंदात रामूलाही विचारायला लागले होते, "ठाण्याला कुठल्या बसनं जायचं रे पोरीनं?"

या परीक्षेची रीत अशी: कॅमेरा चालू ठेवायचा आणि पडद्यासमोरून हलायचं नाही. कॉम्प्युटर तुमच्याकडे बघत असतो. नजर पडद्यावरून सरकली की नोंद, ओठ हलले की नोंद, हात चौकटीबाहेर गेला की नोंद. आधीच्या सत्रांत विद्यापीठ नुसता फोटो घ्यायचं. ही नवी सक्ती शेवटच्या सत्रात आली.

शेवटच्या पेपरच्या सकाळी गुलामभाई माळ्याखाली येऊन उभे राहिले. म्हणाले, "आज लूम बंद."

"कशाला, अब्बा?" मदीहा शिडीवरून म्हणाली. "राहू द्या चालू. मला सवय आहे."

"आज नाय. आज तुला कुणी त्रास देणार नाय."

"त्रास नाही होत, अब्बा. खरंच चालू राहू द्या."

त्यांना वाटलं, पोरगी व्यापाऱ्याला द्यायच्या मालाची काळजी करतेय. लेकीनं अशी काळजी केलेली बघून त्यांना आणखीच भरून आलं. त्यांनी हात हलवून तिला वर घालवलं.

मग त्यांनी सहाही लूम बंद केले. रामूला बाजारात पिटाळलं. तेवढ्यानं भागेना, म्हणून शेजारच्या शेडवर गेले. शेजारचा खालिद त्यांच्याहून तरुण, जिभेचा तिखट.

"दोन तास बंद ठेव रे. पोरीची परीक्षा आहे."

"गुलामभाई, परीक्षा मदीहाची आहे का गल्लीची?"

"गल्लीची समज."

"मग मलापण डिग्री द्या," खालिद म्हणाला, आणि त्यानं लूम थांबवले.

गुलामभाईंनी आपल्या शेडच्या भिंतीला तळवा लावला. त्यांना शांतता ऐकू येत नव्हती, ती अशी हातानं बघावी लागायची. भिंत थरथरत नव्हती. त्यांनी एक स्टूल घेतलं, शेडच्या दाराबाहेर उंबऱ्यापाशी ठेवलं आणि पहारा देत बसले. चहावाला आला, त्याला बोटानं परत पाठवलं. भंगारवाला आला, त्याला डोळे वटारले. कुणाची बकरी दारात येऊन ओरडेल म्हणून तिलाही लांबवर हाकलून आले. पूर्ण वेळ ते खोकलेसुद्धा नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा आपण पोरीसाठी काही केलं, असं त्यांना वाटलं.

निकाल लागला त्यात मदीहाचे मार्क नव्हते. नावापुढे 'निकाल राखीव' लिहिलं होतं. नंतर मेल आला: शेवटच्या पेपरात गैरप्रकाराचा संशय, चौकशी समितीसमोर हजर राहावं. सोबत रेकॉर्डिंगचे तुकडे होते.

मदीहानं ते अब्बांना दाखवले नव्हते. जोहराच्या फोनवर त्यांनी बघितले. पडद्यावर त्यांची मुलगी लिहिते आहे, लिहिता लिहिता मान डावीकडे वळते, हात चौकटीबाहेर जातो, परत येतो. थोड्या वेळानं परत तेच. मग परत. एकदा तर ती खुर्चीवरून अर्धी उठून डावीकडे वाकली होती.

"काय बघत होतीस?" गुलामभाईंनी विचारलं.

"सवय, अब्बा. बटणाची."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग सांग की तसं! फोटो काढून पाठव बटणाचा. एवढंच ना?"

मदीहानं मान हलवली. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना समजायला हवं होतं, की एवढंच नाही.

ज्युनिअर कॉलेजात मदीहाला कॉम्प्युटर शिकवलेल्या रीमा मॅडम भिवंडीजवळच्या वळ गावात राहतात. कॉलेजात कॉपीच्या केसेस चालायच्या त्या समितीवर त्या काही वर्षं होत्या, म्हणून त्यांनाच विचारायचं ठरलं. बापलेक रिक्षानं गेले. वळला आता शेतं कमी आणि गोडाऊन जास्त. मॅडमच्या घरासमोरून कंटेनर एकामागून एक जात होते, आणि ओट्यावर त्यांची सासू बायजाबाई वाल सोलत बसली होती.

"बस रं बाबा," ती गुलामभाईंना म्हणाली. ते कंटेनर बघत होते. "बस म्हनते ना! कानान कापसाचा बोला घातलाय काय?"

"आजी, अब्बांना कमी ऐकू येतं," मदीहा म्हणाली.

बायजाबाई वरमली. मग तिनं आपला आवाज असा चढवला की पलीकडच्या गोडाऊनचा वॉचमन बाहेर आला. "चाय घेनार हाय का न्हाय?"

"आजी, हळू बोलला तरी चालेल," गुलामभाई हसून म्हणाले. "तोंड माझ्याकडे ठेवा फक्त."

"असा हाय व्हय. माझा म्हातारा जिता असता तं त्याला तुझ्याकड शिकाया धाडला असता. त्याला चांगला ऐकू यायचा, पन माझ्याकड तोंड करील तं शपथ."

रीमा मॅडमनी सगळं वाचलं, रेकॉर्डिंग बघितलं. बटणाचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "हे चांगलं आहे. वायर, दिवा, सगळ्याचे फोटो जोडू. उत्तर छोटं लिहायचं. मशीन चुकलं, विद्यापीठ चुकलं, असं काही लिहायचं नाही. समितीला ते आवडत नाही. काय झालं तेवढंच." मग त्यांनी रेकॉर्डिंगचा आवाज वाढवला आणि फोन कानाला लावला. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या.

"मदीहा, लूम थांबला की तू बटण दाबतेस. बरोबर?"

"हो."

"यात लूमचा आवाजच नाहीये. पंख्याचा तेवढा येतो."

गुलामभाई मॅडमचे ओठ वाचत होते. "मी बंद ठेवले होते," ते अभिमानानं म्हणाले. "खालिदचेसुद्धा."

मॅडमनी फोन खाली ठेवला. मदीहा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

मग गुलामभाईंना उलगडलं. बंद असलेला लूम थांबणार कसा? आणि थांबला नाही तर पोरीचा हात बटणाकडे जाणार कशाला? ते घाईनं म्हणाले, "मग चालू होते म्हणून सांगू. कोण बघायला आलंय?"

"भाई, आवाज रेकॉर्ड होतो. नसला तर नसलेलाही होतो."

"म्हणजे मी चालू ठेवले असते तर..."

"तसं नाही, अब्बा," मदीहा पटकन म्हणाली. "मी सवयीनंच बघत होते. लूमचा काही संबंध नाही."

रीमा मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं आणि तिला हाताला धरून ओट्याच्या टोकाला नेलं. मदीहाची पाठ गुलामभाईंकडे होती. ती काहीतरी सांगत होती. खांदे हलत होते एवढंच दिसत होतं. मॅडमचा चेहरा मात्र समोर होता. दुसऱ्याचं बोलणं वाचू नये हे गुलामभाईंना कळतं, पण कान झाकता येतात तसे डोळे त्यांना झाकता येईनात.

"हे समितीला सांगावंच लागेल," मॅडमचे ओठ म्हणाले. मग, "नाही सांगितलंस तर तुझ्याकडे दुसरं काहीच नाही." मग थोडं थांबून, "त्यांना माहीत आहे?"

मदीहानं मान जोरात नाही म्हणून हलवली. मधून एक कंटेनर गेला. तो गेल्यावर मॅडम डोळे पुसत होत्या.

रिक्षात गुलामभाईंनी विचारलं नाही. लेक बोलत नाही म्हणजे बोलण्यासारखं नसेल. एखादा मुलगा असेल का? माळ्यावर कुणी आलं होतं का? पण दारात तर ते स्वतः बसले होते! असलं काहीबाही मनात येऊन ते स्वतःवरच चिडले.

समितीची बैठक ठाण्याच्या एका अभ्यासकेंद्रात होती. आत विद्यार्थ्याखेरीज कुणाला सोडत नव्हते. बाहेर बाकडं होतं, त्यावर गुलामभाई आणि रजा टाकून आलेल्या रीमा मॅडम बसल्या. केबिनला काचेची भिंत होती. आत तिघंजण: दाट मिशीचे एक सर, एक बाई आणि टायपिंग करणारा एक मुलगा. मदीहा त्यांच्यासमोर अशी बसली होती की तिचा चेहरा काचेतून अर्ध्याहून जास्त दिसत होता.

मिशीवाल्या माणसांचं गुलामभाईंना काही वाचता येत नाही. मिशी सगळे शब्द खाऊन टाकते. बाईंचे ओठ मात्र स्वच्छ होते. आणि मदीहाचे ओठ तर त्यांनी ती बोलायला शिकली तेव्हापासून वाचलेले.

"डावीकडे काय होतं?" बाईंनी विचारलं.

"शिडीचं भोक. त्यातून खाली शेड दिसते. आणि बटण." मदीहानं फोटो पुढे सरकवला.

बाईंनी तो बघितला. "पण लूम तर बंद होते."

"म्हणूनच बघत होते, मॅडम."

गुलामभाई बाकावर पुढे सरकले.

"लूम चालू असले की मी अशी परत परत बघत नाही," मदीहा सांगत होती. "याच सत्राचे आधीचे पेपर बघा, सगळ्यांत मागे आवाज आहे. आवाज नीट असला की खाली अब्बा नीट आहेत. लाइट गेली तर पंखापण थांबतो, तेव्हाही कळतं. पण लाइट आहे, पंखा फिरतोय, अब्बा खाली आहेत आणि लूम बंद, असं आमच्याकडे होत नाही. एकदाच झालं होतं." तिनं बोट उचलून आपल्या कानाच्या वर टेकवलं.

काचेच्या बाहेर गुलामभाईंचा हात आपल्या पांढऱ्या रेघेवर गेला.

"सुट्टीच्या दिवशी काय करतेस मग?" बाई.

"सुट्टीला अब्बा घरात असतात. शेडमध्ये नसतात."

"त्या दिवशी ते खाली बसलेत, हे तुला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं. दिसत नव्हते." मदीहाचा खालचा ओठ थरथरला, त्यामुळे पुढचे दोनतीन शब्द गुलामभाईंचे हुकले. मग परत लागले. "...स्वतःला सांगत होते, लूम बंद ठेवलेत, परीक्षा आहे. प्रश्न वाचायला घेतला की हात तिकडे. एकदा उठून वाकले, तरी नाही दिसले. हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली नसती."

मिशीवाल्यांनी काहीतरी विचारलं. त्यांनी हाताचा पंजा आडवा फिरवला, सगळं बंद, अशी खूण करत.

"मीच," मदीहा म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना बंद ठेवायला. त्यांची काही चूक नाही."

गुलामभाईंनी ते ओठ पुरते वाचले. मीच. शिडीवरून ती काय म्हणाली होती तेही त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं.

"दिसतंय का काही?" शेजारून रीमा मॅडमनी त्यांच्या दंडाला हात लावून विचारलं. "काय म्हणतेय?"

"नाय," गुलामभाई म्हणाले. "काच चमकते."

मदीहा बाहेर आली. "झालं," ती म्हणाली आणि हसली.

"बटणाचं सांगितलंस ना?"

"सांगितलं, अब्बा."

"बस मग."

तिघांनी खालच्या टपरीवर चहा घेतला. मदीहानं अब्बांच्या चहात साखर ढवळून दिली, जशी ती घरी देते.

उत्तर आलं तेव्हा जुलै सरत आला होता. विद्यार्थिनीनं दिलेल्या स्पष्टीकरणाला कोणताही पुरावा उपलब्ध नाही. त्या पेपरचे गुण रद्द. पुढच्या एका सत्राला बसता येणार नाही. कंपनीनं थोडे दिवस वाट बघितली होती, मग दुसऱ्या कुणाला घेतलं. रीमा मॅडमनी अपिलाचा अर्ज करून दिला. त्याला अजून उत्तर नाही. जोहरा मधूनमधून समितीला बोल लावते, आणि हल्ली ती गुलामभाईंकडे तोंड करूनच लावते, म्हणजे त्यांनाही सामील होता यावं. ते सामील होत नाहीत.

मदीहा सध्या वळच्या एका गोडाऊनमध्ये ड्युटीला जाते. खोक्यांवरचे बारकोडचे पट्टे मशीननं वाचायचे, दिवसभर उभं राहून. दुपारी डबा खायला ती बायजाबाईच्या ओट्यावर बसते. "पोर बोलत न्हाय," म्हातारीनं गुलामभाईंना निरोप धाडला होता. "खाते आन गोडाऊनकड बघत ऱ्हाते."

माळ्यावर आता दिवसा कुणी नसतं. लाल दिवा लागत नाही. रामूनं एकदा विचारलं, "सेठ, बत्ती का बटन मैं दबाऊं क्या?" गुलामभाई नको म्हणाले. ते आता एकेका लूमवर तळवा ठेवत शेडभर फिरतात, आणि थांबलेला सापडला की धागा जोडतात.

मध्ये एका शुक्रवारी, सुट्टी होती तेव्हा, मदीहा आईबरोबर अकलोलीला कुंडांवर गेली होती. जोहराचे गुडघे दुखतात, त्याला ते गरम पाणी बरं. घर रिकामं होतं. गुलामभाईंनी स्टूल उचललं आणि शेडच्या दाराबाहेर नेमकं त्या दिवशीच्या जागी ठेवलं. मग शिडी चढून माळ्यावर गेले. फार वर्षांनी चढले. मदीहाच्या खुर्चीवर बसले, समोर पडदा आहे असं धरलं आणि मान डावीकडे वळवली.

चौथा लूम दिसला. तेलाचा डबा दिसला. दारातून आत आलेला उजेडाचा पट्टा दिसला. स्टूल दिसलं नाही. ते खुर्चीतून अर्धे उठले, वाकले. तरी नाही.

ते खाली आले, स्टूल हातभर आत सरकवलं, उंबऱ्याच्या अलीकडे. परत वर गेले. आता स्टूलचा एक पाय दिसल्यासारखा वाटला, आणि नाहीही. स्टूलवर माणूस असता तर खांदा तरी दिसला असता का? की दाराच्या फळीआड गेला असता? ते बराच वेळ बघत राहिले. त्याला काही उपाय नव्हता. ते वर असले की स्टूलवर कुणी नसतं, आणि ते स्टूलवर असले की वरून बघायला कुणी नसतं.

तिला विचारलं की कळेल. पण विचारायचं म्हणजे काच चमकत नव्हती हे सांगायचं. तिनं तिथे 'मीच' म्हणून जे स्वतःच्या डोक्यावर घेतलं, ते तिच्या हातातून काढून घ्यायचं. तेवढं एकच तिच्याकडे उरलंय, असं त्यांना वाटतं.

म्हणून ते लूम चालू असताना विचारतात. मदीहा ड्युटीवरून येते, हातपाय धुते, आणि खाली आवाज सुरू असला की सवयीनं माळ्यावर जाऊन बसते. पुढच्या परीक्षेचा अभ्यास तिनं सोडलेला नाही. तिची मान पुस्तकात असते. लूम सगळे नीट चाललेले असतात, त्यामुळे ती खाली बघत नाही. गुलामभाई तिकडे तोंड करून उभे राहतात. त्यांचे ओठ हलतात, आवाज नसतो. ती मान उचलेल असं वाटलं की ते चटकन लूमकडे वळतात.

"मदू, हातभर आत सरकून बसलो असतो, तर दिसलो असतो का गं मी तुला?"